फोटो स्टुडिओतला बिनफोटोचा फाइल मॅनेजर

पासपोर्ट फोटो कापताना कडेच्या पट्ट्या टेबलाखाली साठतात, तसे आमच्या स्टुडिओतले किस्से साठलेत. पट्ट्या संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से कुठं टाकणार?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला स्टुडिओ. कॉम्प्युटरवर आम्ही तिघी: मी, सुषमा आणि निपाणीकडच्या अक्का. मशिनंही तीन, तिन्ही जुनी. पेन ड्राइव्हमधून सारखे व्हायरस यायचे, म्हणून ओळखीच्या एका कॉलेजच्या सरांनी त्यांवर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम घालून दिली. व्हायरस गेले. पण फोटोंचा फोल्डर उघडला की प्रत्येक फोटोचं चिमुकलं चित्र दाखवता दाखवता मशिन अडकून बसायचं. गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं.

शेवटी आमचे मालक, पाटीलदादा, म्हणाले, "दिवाळीपतोर हे सुधारलं न्हाय तर तिन्ही भंगारात. एकच नवं घेतो. मग एकच बाई पुरंल, चहाबी एकच लागंल!"

सर म्हणाले, "मशिनं ठीक आहेत. फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, हलका पाहिजे." तीन घालून दिले. "वापरून तुम्हीच ठरवा."

दहावी शिकलेल्या आम्ही ठरवणार! पण प्रश्न नोकरीचा होता. ठरवायला बसलो.

* * *

पहिला एका क्लिकवरच फाइल उघडायचा. आमची बोटं डबल क्लिकला सरावलेली. त्यामुळं प्रत्येक फोटो दोनदा उघडायचा.

एका गिऱ्हाइकानं स्क्रीनवर स्वतःला शेजारी-शेजारी बघितलं आणि म्हणालं, "ताई, दोन्ही द्या. पैसे एकाचंच हं!"

* * *

दुसरा चपळ होता. पुसलेली फाइल जाते कुठं, हे बघायला सुषमानं एक फोटो डिलीट केला. मग कचरापेटी शोधली. त्याला कचरापेटीच नव्हती!

"कुणाचा होता गं?" मी विचारलं.

"सरांचा."

संध्याकाळी सर आले. सुषमानं लगबगीनं स्टूल पुढं केलं. "सर, बसा की. तुमचा नवीन फोटो काढतो. जुन्यात वय दिसत होतं!"

* * *

तिसरा मात्र आवडला. क्लिक केलं की फोल्डर उघडलाच! कारण तो चित्रं दाखवायचाच नाही, नुसती नावं. पण आमच्या फाइलींची नावं काय, तर पाटील एक, पाटील दोन, पाटील तीन. कोल्हापुरात पाटलांना तोटा आहे का! चित्राशिवाय माणूस ओळखायचा कसा?

"नावं मी घालते," अक्का म्हणाल्या आणि कामाला लागल्या. पाटील मिशीवाला. पाटील तालमीतला. पाटील डोळे मिटणारा.

सगळं सुरळीत चाललं होतं. एक दिवस काउंटरवरून एक गृहस्थ वाकून स्क्रीन बघायला लागले.

"पाटील चिडका म्हंजे कोन?" ते ओरडलेच. "मी व्हय?"

"न्हाई हो पावणं, ते दुसरे," अक्का शांतपणे म्हणाल्या.

पावणं खूश झाले, गार होऊन बाकावर बसले. मग अक्कांनी तीच फाइल उघडली आणि त्यांच्या फोटोंची प्रिंट काढली.

* * *

दिवाळीच्या तोंडावर दादा आले. येतानाच चहावाल्याला हाक मारून दारात उभं केलेलं.

"नव्या मशिनचं कोटेशन आणलंय," खिसा थोपटत ते म्हणाले. "माझाच फोटो उघडून दावा. आत्ता, माझ्यासमोर. अडकलं की सौदा पक्का."

सुषमानं माझा हात घट्ट धरला. अक्कांनी क्लिक केलं. नावं लगेच आली. दादांच्या फाइलला अक्कांनी कधी आणि काय नाव घातलं, ते आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

दादांनी चष्मा लावला. अक्कांचा बाण जिथं थांबला, तिथलं नाव त्यांनी एकेक शब्द करत मोठ्यानं वाचलं.

"पाटील... वरनंच... कडक."

आम्ही खाली माना घातल्या. तोवर फोटो उघडलाही होता.

दादांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. मग दाराकडं वळून चहावाल्यावर खेकसले, "बघत काय हुबा ऱ्हायलास? ह्या तिघींचा चहा आण! आन दिवाळीनंतरबी तीनच आणायचं, सांगून ठेवतो!"