एक्टोब्लास्ट शिकवणारी शोभा

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इतवारी बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात होते. तिचा मुलगा निखिल एवढंच म्हणाला, "मावशी, आई गेली." मी शटर ओढलं. डोक्यात एकच होतं, शोभाने लपवलेलं पल्लवीला आता मलाच सांगावं लागणार. पल्लवी शोभाची सून, तिला चौथा महिना लागला होता.

शोभा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. मी दुकानात बसले, ती प्राणिशास्त्र शिकवू लागली. गर्भाच्या बाहेरच्या पेशीथराला ती शेवटपर्यंत 'एक्टोब्लास्ट' म्हणायची. पुस्तकांतून तो शब्द कधीच गेला होता, सगळे एक्टोडर्म म्हणत. एखादी नवी प्राध्यापिका हसली की शोभा विचारी, "नाव बदललं, थर बदलला का वं?" त्या एकाच थरातून कातडीही होते आणि मेंदू, नसाही. माझ्या ओट्यावर लाटलेली पोळी ती मधोमध खाली दाबायची, कडा जुळवून नळी करायची. "आत गेली ती नस, बाहेर राहिली ती कातडी." मी म्हणायची, "आता ही पोळी तूच खा."

तिच्या अंगावर लहानपणापासून चहाच्या रंगाचे डाग होते. पुढे हातांवर, मानेवर मऊ गाठी आल्या. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसे. हा नसांवरच्या गाठींचा आजार. तो लागत नाही, पण आजारी आईबापाच्या प्रत्येक मुलात उतरण्याची निम्मी शक्यता असते. हे शोभानेच मला समजावलं होतं. निखिलच्या पाठीवर तसेच डाग होते. त्याला मात्र तिने जन्मखुणा म्हणून सांगितलं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, "वर्गात साऱ्यांले सांगते, घरात काहून नाही?"

"एकदा लग्न होऊ दे वं, कुंदे. कळलं तर कोण मुलगी देईल त्याले?"

नंतर तिच्या मांडीतली एक गाठ दुखू लागली, वाढली, कर्करोग निघाला. हॉस्पिटलातल्या शेवटच्या भेटीत तिने माझा हात धरला. "पल्लवीले तू सांग. मले जमून नाही राहिलं..." मला राग आला होता. अजूनही आहे.

पाहुणे गेल्यावर त्यांच्या सक्करदऱ्याच्या घरी निखिल-पल्लवीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पल्लवीने पोटावर हात ठेवला. "मावशी, बाळाले?"

"निम्मी शक्यता. उद्याच डॉक्टरकडे जा, तपासणीचं विचारा."

"आई म्हणे, जन्मखुणा आहेत..." निखिलचा हात मागे पाठीकडे गेला.

"तुझ्या आईनं मले फसवलं," पल्लवी म्हणाली. मी तिला गप्प केलं नाही. खरंच होतं ते.

गेल्या रविवारी पुन्हा गेले. तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे. शोभा दर रविवारी निखिलच्या पाठीला तेल लावायची, तो नोकरीला लागला तरी, लग्न झालं तरी. पल्लवी चिडायची, "किती हे लाड!" लाड नव्हते ते. शोभा बोटांनी गाठी शोधत असायची. आता गॅलरीत निखिल उघड्या पाठीने बसला होता आणि मागे पल्लवी, शेजारी तेलाची वाटी. कंबरेपाशी तिचं बोट थांबलं, पुन्हा तिथेच फिरलं...

"इथं दुखते का?"

"नाही."

"खरं सांग."