जावेला दिलेली दोन मतं

माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा नगराध्यक्ष झाली तेव्हा तिच्यासाठी मी हात वर केला होता आणि तो अख्ख्या सभागृहाने पाहिला. शिरपूरकडच्या आमच्या लहान शहरात तेव्हा नगरसेवकच अध्यक्ष निवडायचे. पद बाईसाठी राखीव होतं. आम्ही दोघीही नगरसेविका. माझी दुसरी खेप, तिची पहिली. तरी पक्षाने तिचंच नाव पुढे केलं, कारण ती माइकवर छान बोलते. माझा नुसता जळफळाट झाला.

कोणी फुटू नये म्हणून मतदानाआधी आम्हा सगळ्यांना सहलीला नेलं, म्हणजे डोंगरावरच्या लॉजमध्ये कोंडून ठेवलं. मोबाइल काढून घेतले. मला खोली मिळाली ती तिच्याबरोबरच. आरशासमोर साड्या लावून बघायची आणि मलाच विचारायची, कुठली शोभते. शोभायच्या सगळ्याच, हेच तर दुखणं होतं.

"हे काय निवडणं झालं, माणसं कोंडीसन?" मी एकदा म्हणालेच. "बठ्ठा गावले इचारा ना."

"आपलेले गावनीच निवडं ना, अक्का," ती म्हणाली. "अध्यक्ष एक गटना नि नगरसेवक दुसरा गटना, मंग पानीनी टाकी कोण मंजूर करी?"

मुद्दा बरोबर होता. तिच्या तोंडून आला म्हणून मला पटला नाही.

निघताना सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बजावलं होतं, "खुर्ची घरमाच ऱ्हाऊ द्या." म्हणून सभागृहात सगळ्यात आधी मीच हात वर केला. लोक म्हणाले, जावा असाव्यात तर अशा. मी दात आवळून हसले.

मग कायदा बदलला. नगराध्यक्ष थेट जनतेतून. अख्ख्या गावाला विचारा, हे माझंच म्हणणं खरं झालं, पण उमेदवारी पुन्हा तिलाच! मी आपली वॉर्डात उभी. आता मला जुनीच पद्धत बरी वाटायला लागली. निवडून येणाऱ्या नगरसेवकांतले निम्मे माझ्या ओट्यावर चहा पिणारे. त्यांनी मलाच निवडलं असतं. आणि ती प्रचारात सांगत फिरायची, गावाला विचारलंच पाहिजे. साड्या बदलून घ्याव्यात तसे आम्ही मुद्दे बदलून घेतले होते.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकटी होते. आबा बघत नव्हते. समोरच्या पक्षाच्या बाईच्या बटणापर्यंत माझं बोट गेलं. मग वाटलं, हिच्यावर जळायचा हक्क माझा आहे, परक्या बाईने हिला का पाडावं? मी जावेचं बटण दाबलं, अगदी मनापासून.

ती जिंकली, पण आमच्या गल्लीत तिला मतं कमी पडली. संध्याकाळी पेढा हातावर ठेवत ती हळूच म्हणाली, "अक्का, मत नही दिधं तरी चाली. माले राग नही शे."

नाइलाजाने वर केलेला हात सगळ्यांनी पाहिला होता. मनापासून दिलेल्या मताला मात्र साक्षीदार नव्हता. तुलाच मत दिलं अशी शपथ घेतली असती तर ती आणखी गोड हसली असती. मी पेढा तोंडात टाकला.