पंपाच्या खोलीतून आलेला फोन

आमच्या घरात कधी कुणाची दृष्ट काढली नाही की कुणाला अंगारा लावला नाही. नाशिकरोडला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि ‘पुरावा काय?’ हा त्यांचा जेवतानाही ठरलेला प्रश्न. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात कारणं शोधत बसायचे... थकवा, भीती, अर्धवट झोप. बहुतेक वेळा सापडायचीही. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र अजून सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

मी नेटवर्कची कामं करते. भाजीपाला बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीचं काम आमच्याकडे होतं. हेड ऑफिस अंबडला, एक ऑफिस सायखेड्याला, एक विंचूरला. ही सगळी फायबरने जोडायची. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार, तिच्यातून प्रकाश जातो. लांब जाता जाता तो मंदावतो, म्हणून वाटेत रिपीटर बसवतात — आलेला सिग्नल ताजा करून पुढे ढकलणारी पेटी. आणि सगळ्या तारा शेवटी अंबडच्या मुख्य स्विचमध्ये येतात. तिथे प्रत्येक ऑफिसचा एक पोर्ट, पोर्टवर हिरवा दिवा. तार जोडलेली असेल तर दिवा लागतो, नसेल तर लागत नाही. यात तिसरं काही नसतं.

सायखेड्याच्या लाइनचा रिपीटर गावाच्या अलीकडे, उसाच्या कडेला, कंपनीच्या जुन्या पंपाच्या खोलीत बसवायचा होता. पंप कधीच काढून नेलेला. जोडणीचं काम भास्करदादांकडे होतं. पन्नाशीचे, निफाडकडचे, माझ्याबरोबर बरीच वर्षं काम करणारे. सकाळीच मोटारसायकलवर गेले. जेवणाच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

“ताई, पेटी लावली भिंतीवर. आता जोडायला घेतो. झालं की मिसकॉल देतो.”

दुपार कलायला लागली तरी मिसकॉल आला नाही. मी लावला तर रिंग वाजत राहिली. काम करताना ते मोबाईल गाडीच्या पिशवीत ठेवतात हे मला माहीत होतं, त्यामुळे काळजी अशी वाटली नाही. मी अंबडला स्विचसमोर बसून होते. विंचूरचा दिवा लागलेला, सायखेड्याचा बंद.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. हा बाहेरचा फोन नव्हे. ऑफिसाऑफिसांत बोलायला याच नेटवर्कवर चालणारा, टेस्टिंगसाठी लावून ठेवलेला. स्क्रीनवर नंबर नव्हता. विंचूरहून कुणीतरी असेल म्हणून उचलला.

“तुझा मानूस हितं पडलाय गं.”

म्हाताऱ्या बाईचा आवाज. घाबरलेला नाही, रडवेला नाही... शेजारणीला निरोप द्यावा तसा.

“कोण बोलतंय? कुठून बोलताय, आजी?”

“पंपाच्या खोलीत. पान लागलंय त्याला.”

“पान? कसलं पान?”

“पान लागलंय. हाताला.”

मला काही कळेना. तंबाखूचं पान खाऊन चक्कर आली की काय, असं काहीतरी डोक्यात आलं. मी म्हटलं, “पान म्हणजे काय, आजी? भास्करदादांना द्या ना फोन.”

“त्याला नाय बोलता येत आता. मानसं धाड. लय येळ नको लावू.”

फोनमध्ये नेहमी थोडी खरखर असते, मागे कुठे गाडी, कुठे कोंबडी ऐकू येते. इथे काहीच नव्हतं. ती बोलायची थांबली की पलीकडे नुसती शांतता. माझी नजर स्विचकडे गेली. सायखेड्याच्या पोर्टचा दिवा हिरवा लागला होता. खरं सांगते, पहिल्यांदा बरंच वाटलं — चला, लाइन जोडली गेली. मी पुन्हा “आजी” म्हटलं, तर फोन बंद झाला होता. दिवाही विझला होता.

सायखेड्याचं ऑफिस कदम सांभाळतात. त्यांना मोबाईलवर फोन केला आणि सांगितलं, कुणी आजी म्हणतायत की भास्करदादांना पान लागलंय.

“काय लागलंय म्हणाली?”

“पान.”

ते पुढे माझ्याशी बोललेच नाहीत. खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि ड्रायव्हरला “गाडी काढ” म्हणून त्यांनी मारलेली हाक ऐकू आली.

नाग होता. पेटीखालच्या जुन्या फळ्या बाजूला सारताना हाताला चावला. कदम पोचले तेव्हा भास्करदादा भिंतीला टेकून कलंडले होते, डोळे मिटलेले, श्वास लागलेला. तसंच गाडीत घालून नाशिकला आणलं, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर भास्करदादांच्या बायकोला, वहिनींना, म्हणाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी कदमांना विचारलं, पान म्हणजे काय.

“आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाय मॅडम. पान लागलं म्हणायचं.”

मी हा शब्द त्या दिवसाआधी आयुष्यात ऐकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीवर गेले. रिपीटरची पेटी भिंतीवर होती, तिला वीज दिलेली नव्हती. फायबरची दोन्ही टोकं लोंबत होती, त्यांवरच्या टोप्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. खोलीत फोन नव्हताच. सायखेड्याला बसवायचा फोन अंबडला माझ्या टेबलाखाली खोक्यात पडून होता. कदमांनी आसपासच्या शेतांत, वस्तीवर चौकशी केली. त्या दिवशी तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. अशी कुणी आजी असल्याचंही कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मी स्वतःला समजावत राहिले. कदाचित मीच गोंधळले असेन. कदाचित विंचूरच्या ऑफिसातून कुणी... पण तिथल्या लोकांनी फोन केला नव्हता.

घशातली नळी काढल्यावर भास्करदादांना भेटायला गेले. आवाज पार बसलेला. त्या फोनबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, मी वहिनींना तसं मुद्दाम विचारून घेतलं. मी स्टुलावर बसले तशी त्यांनी माझ्याकडे बघून जरा हसल्यासारखं केलं.

“ताई, मला सगळं ऐकू येत होतं. पापणी उचलंना, जीभ हलंना. पण ऐकू येत होतं.”

“काय ऐकू येत होतं?”

“तुम्ही. पान म्हणजे काय, म्हणून सारखं विचारत होता. मला सांगायचं होतं तुम्हाला.”

मी विचारलं, “आणि ती आजी?”

“कोन आजी?” त्यांनी मान हलवली. “खोलीत दुसरं कुनी नव्हतं. तुमचाच आवाज होता, इथं, कानाशी.”

भास्करदादा पुन्हा कामावर आले, लाइन त्यांनीच पुरी केली. आजतागायत तिने कधी त्रास दिलेला नाही. त्या दिवशीच्या फोनचं कारण कुणाला माहीत असेल तर मला खरंच कळवा. ‘भास झाला असेल’ एवढंच मात्र म्हणू नका. भास मला झाला असता, तर माझे शब्द त्यांच्यापर्यंत कसे पोचले? आणि त्यांना झाला असता, तर मला कुणाचा आवाज ऐकू आला?