दोन मजल्यांचा दाखला

ऐंशी सालच्या आसपास आमची सरकारी कचेरी नाशकात सीबीएस बसस्थानकाजवळ होती, दुसऱ्या मजल्यावर. दर मंगळवारी पन्नाशीचा एक टोपीवाला शेतकरी जिना चढून यायचा, दारात धापा टाकायचा, माठातलं पाणी प्यायचा आणि काम न सांगताच उतरून जायचा. हा वरून पाठवलेला तपासनीस, असं हेडक्लार्कनी ठरवून टाकलं. मंगळवारी आम्ही सगळे वेळेवर यायला लागलो.

शेवटी मीच विचारलं, "बाबा, काम काय तुमचं?"

"हार्टचा झटका येऊन गेला मला. डाक्टरला इचारलं, बायकोजवळ कधी जायचं? तो म्हणला, दम न लागता दोन मजले चढलात की खुशाल जा. आता घोटीकडं आमच्या गावात दोन मजले हायेत कुठं?"

दोन महिन्यांनी एका मंगळवारी तो वर आला तो बोलतच. दम म्हणून नाही! हेडक्लार्कनी चहा मागवला. पण गडी उठेना.

"सायेब, लेखी द्या. ती लय भ्यालीय. मधी भाताचं पोतं ठेवून झोपती. माझ्या सांगण्यावर इश्वास नाय तिचा."

मी लिहिलं, 'सदर इसम दम न लागता दोन मजले चढला.' खाली गोल शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच एक बाई धापा टाकत वर आली. तिने तोच कागद माझ्यापुढे धरला.

"शिक्का खरा हाय ना, भाऊ? नाय तर जीव जायचा त्यांचा."

"खरा आहे."

तिने कागदाची घडी कमरेला खोचली, पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "घोटीची आत्ता गाडी हाय का?"