बॉल जॉइंटला हळदकुंकू

मी आयुष्यात एकदाच गाडीच्या दुरुस्तीला हात लावला, आणि ती दुरुस्ती दोनदा करावी लागली.

कापसाच्या भावानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. घाटंजीतल्या एका जिनिंगवाल्यानं धंदा आवरता घेतला आणि जाता जाता आपली पांढरी गाडी आमच्या ह्यांच्या गळ्यात घातली. हे शाळेत विज्ञान शिकवायचे. गाडी अंगणात उभी असली की मोठी ऐटबाज दिसायची, चालली की पुढून खटखट वाजायची. खड्डा आला की खटखट, नसला तरी खटखट. (तसा खड्डा नसलेला रस्ता आमच्याकडे कुठं होता म्हणा.)

आमच्या शेजारी रफीकभाई मिस्त्री राहायचे. त्यांनी पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि मान हलवली.

"गुरुजी, दोन्हीकडचे बॉल जॉइंट गेले. रस्त्यात तुटला ना, तं चाक घाटंजीत राहीन अन् गाडी यवतमाळले जाईन."

मला कळावं म्हणून हे लगेच शिकवायला लागले. "अवं, आपल्या खुब्यात कसा वाटीत गोळा असते? तसाच चाकाले असते. वाटी झिजली, म्हणून गोळा हालून राह्यला."

"मंग खुब्याले लावतो ते तेल चोळून पाहू काय?" मी म्हटलं.

पस्तीस पोरांच्या वर्गात जो विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसतो, त्याच्याकडे पाहावं तसं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं फक्त.

आता ही गाडी सोमवारी सकाळी यवतमाळला पोहोचणं फार गरजेचं होतं. माझ्या सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला दोनदा हो म्हणून दोनदा फिरल्या होत्या. एकदा म्हणाल्या अमावस्या आहे, एकदा म्हणाल्या डॉक्टर फार तरुण आहे. तिसऱ्यांदा कशाबशा तयार झाल्या, त्याही एका अटीवर.

"गाडीत नेसान तं येतो. यष्टीत मले मळमळते. गाडी नसन तं मी आपली आंधळीच बरी."

डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच यायचे. म्हणजे गाडी नाही तर ऑपरेशन नाही, आणि आईंनी आणखी महिनाभर मिठाच्या बरणीतून साखर काढायची. तो चहा आम्ही प्यायचा.

नेमका त्याच आठवड्यात रफीकभाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये. गॅरेजात एक जड लोखंड पायावर पडणार होतं, त्यांनी ते हातावर झेललं. मग असं ठरलं, की रविवारी आमच्या अंगणात रफीकभाई खुर्चीवर बसून सांगतील आणि हे करतील. ह्यांनी शनिवारी यवतमाळहून नवे जॉइंट आणले. काळ्या चिकट ग्रीसमध्ये बरबटलेले, तेलकट कागदात गुंडाळलेले. वर घालायच्या रबरी टोप्या वेगळ्या पुडीत.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली. जुना जॉइंट काही निघेना. ह्यांनी हातोडा मारला. रफीकभाई म्हणाले, "गुरुजी, त्याले मारून राह्यले का समजावून राह्यले?" मग ह्यांनी असा घाव घातला, की जॉइंट निघाला आणि त्यासोबत ह्यांच्या अंगठ्याचं नखही निळं झालं. दुसरा निघेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. दोन्ही जुने जॉइंट माझ्या तुळशीजवळ आणून टाकले.

हात धुवून हे जेवायला बसले. रफीकभाई नमाजाला गेले. अंगणात मी एकटी.

आता माझा स्वभाव असा, की घरात काही मळकट पडलेलं मला बघवत नाही. मी ते जुने जॉइंट घेतले, रॉकेलनं धुतले, फाटकं रबर काढून टाकलं, राखेनं घासले. असे लखलखीत निघाले, की मला भांडी घासल्याचं समाधान झालं. तसेच ओट्यावर ठेवून आत गेले, कारण ह्यांना आणखी एक भाकरी हवी होती.

एका भाकरीच्या तीन झाल्या, तोवर आपण काय घासलं ते माझ्या डोक्यातून पार गेलं. परत आले तेव्हा ओट्यावर दोन चकचकीत जॉइंट, आणि कागदात दोन काळे बरबटलेले. मनात आलं, नवी वस्तू वापरण्याआधी हळदकुंकू लावायचं राहिलंच की. आमच्याकडे शिलाई मशीन आली तरी लावतो, फवारणीचा पंप आला तरी लावतो. मी कुंकवाचा करंडा आणला आणि चारही नग समोर ठेवून विचार केला. (तो विचार केला नसता तर बरं झालं असतं.) नवं म्हणजे चकचकीत, जुनं म्हणजे काळं. हे काय सांगायला पाहिजे? दोन चकचकीत नगांना मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि ह्यांचं काम हलकं व्हावं म्हणून पुडीतल्या नव्या टोप्याही घालून ठेवल्या.

बाजेवर बसलेल्या आई म्हणाल्या, "काय पूजतं व? दे मले हातात." एक नग हातात घेऊन त्यांनी त्याची दांडी इकडे-तिकडे हलवली. "लय सैल हाय व, माय."

"आई, नवं असंच असते. वापरल्यावर बसते," मी सांगितलं. इतक्या ठामपणे, की मलाही पटलं.

हे जेवून आले. कुंकू लावलेले जॉइंट पाहून म्हणाले, "बरं केलं, वेगळे काढून ठेवले." आणि ते बसवले. रफीकभाई परतले तेव्हा नट आवळून झाले होते. त्यांनी डाव्या हातानं चाक धरून हलवलं.

खटखट.

रफीकभाईंनी दुसरं चाक हलवलं. तेही खटखट.

"गुरुजी, दुकानदारानं फसवलं तुमाले."

ह्यांचा चेहरा पडला. "आज रविवार. दुकान बंद. उद्या सकाळी आईले न्यायचं कसं?"

आईंनी ते ऐकलं मात्र, पटकन म्हणाल्या, "राहू दे मंग. नोको ते ऑपरेशन. पुढच्या महिन्यात पाहू."

मी तर रडायच्या बेतात. त्या दुकानदाराला तोंडात येईल ते बोलत होते आणि रागारागानं ओटा आवरत होते. कागदातले ते काळे नग कोनाड्यात टाकायला उचलले, तर आईंनी हात पुढे केला. "ते दे इकडे." बोटांनी चाचपलं, दांडी हलवायला गेल्या, ती हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला.

"बाप्पू," त्या आपल्या लेकाला म्हणाल्या, "हे तं घट्ट हाय. तुमी फेकून कायले राह्यले?"

रफीकभाईंनी नग घेऊन पाहिला. मग गाडीखाली वाकून, बसवलेल्या नगावरचं कुंकू पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "भाभी, जुने तुमी धुतले काय?"

"राखेनं," मी म्हटलं.

हे रागावलेसुद्धा नाहीत. लोक रागावले तर निदान आपल्याला रुसता तरी येतं. हे गाडीखाली शिरले, सगळं पुन्हा सोडवलं, पुन्हा बसवलं. या वेळी मला अंगणात पाऊल ठेवायची मनाई होती. दिवेलागणीला रफीकभाईंनी चाक हलवलं. आवाज नाही. आईंनाही मग शब्द फिरवायला कारण उरलं नाही.

सकाळी आठला आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात हजर. गाडीनं वाटेत एक खटका केला नाही. सिस्टर नवी होती, गर्दी बरीच. तिनं हातात थेंबांची बाटली घेऊन विचारलं, "पेशंट कोण?"

आईंनी मला पुढे ढकललं. "पह्यले हिचे डोळे पाह्य, बाई. हिले जुनं-नवं दिसत नाही."

मी "अहो, नाही" म्हणेपर्यंत सिस्टरनं माझी मान मागं केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. मग सगळा घोटाळा निस्तरून आईंचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं. दुपारी सोडलंही. पण त्या थेंबांमुळे माझ्यापुढं अजूनही सगळं जग धुक्यात. हे गाडी काढायला गेले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या माझ्या सासूबाई माझं कोपर घट्ट धरून सांगत होत्या, "सावकाश व, आता एक पायरी. आता दुसरी."

खाली बाकावर बसलेली एक बाई कळवळून म्हणाली, "सासूच मोठी गुणाची हाय हो. सवताच्या डोळ्याले पट्टी, तरी सुनेचं ऑपरेशन करून आणलं."