वरच्या फळीवरचा चहा

२००५ साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. मुलगा कॉम्प्युटरच्या कामासाठी जपानला गेलेला, तोक्योजवळ उरायासूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्याने फारच आग्रह धरला म्हणून मी तीन महिन्यांसाठी तिकडे गेलो. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण चहा मला कुणी शिकवायचा नाही. पुण्यात एसटी स्टँडसमोर चाळीस वर्षं माझं चहाचं दुकान होतं.

सून एका बेकरीत पार्ट-टाइम काम करायची. मी पोचलो त्याच आठवड्यात तिचा पहिला पगार झाला आणि त्यातून तिने माझ्यासाठी चहाचा डबा आणला. दार्जिलिंगचा, लांब पानांचा.

"बाबा, तुमच्या धंद्यातली वस्तू म्हणून मुद्दाम शोधून आणली."

धंद्याचं नाव काढल्यावर मी कशाला मागे राहतोय. पातेलं चढवलं, दूध ओतलं, आलं ठेचलं, साखर घातली आणि चांगल्या तीन उकळ्या काढल्या. गाळून हाती आलं ते ओल्या पोत्याच्या चवीचं दूध. मुलाचे ऑफिसातले मराठी मित्र जेवायला आले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "याला चहा म्हणत नाहीत. याला आमच्याकडे म्हशीसुद्धा तोंड लावणार नाहीत."

सगळे हसले. सूनही हसली, पण डबा उचलून तिने वरच्या फळीवर तांदळाच्या पिशवीमागे ठेवला. मी पुण्याहून आणलेली पावडर होतीच.

बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये म्हातारे पट मांडून बसत. मला बोलावून हिरवा चहा देत, दूध नाही, साखर नाही. नको म्हणण्याएवढं जपानी मला येत नव्हतं, म्हणून रोज प्यायलो. असे दोन महिने गेले आणि एके दिवशी माझ्याच हातचा चहा मला बासुंदीसारखा दाट, गोडमिट्ट लागला, पिववेना. हे मी कुणाला कशाला सांगू?

दोघं कामाला गेल्यावर स्टुलावर चढून डबा काढला. किटलीत दोन चिमटी पानं, वर विजेच्या पॉटमधलं गरम पाणी, झाकण. थोड्या वेळाने उघडून पाहिलं तर पानं उलगडलेली, देठासकट. चाळीस वर्षं चहा विकला आणि चहाचं अख्खं पान पाहायला मला जपान गाठावं लागलं. प्यायलो. मग आणखी एक कप प्यायलो. त्यानंतर रोजच चोरून सुरू झालं.

पकडला गेलो तो कचऱ्यापायी. तिथे जळणारा कचरा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि पिशवी आरपार दिसणारी. एका संध्याकाळी सून पिशवी बांधता बांधता थांबली.

"बाबा, हा पाला कुठून आला यात?"

"वाऱ्याने आला असेल."

"सहाव्या मजल्यावर?"

मुलगा ताटात बघून हसत होता.

"बरं," सून म्हणाली, "तो चहाचा डबा उद्या शेजारच्या आजींना देऊन टाकते. त्या पितात तसला. आपल्याकडे नुसता पडून आहे."

"दे की," मी म्हणालो. तोंडातून शब्द गेला आणि पस्तावलो. डबा तर जाणारच होता, वर तिने कौतुकाने आणलेली वस्तू मी चारचौघांत हिणवली होती, आणि ते ती विसरली नव्हती. माझा हट्ट मुलाच्या आईनेसुद्धा कधी मोडला नाही. आता सुनेपुढे कबूल व्हायचं म्हणजे अवघडच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याआधी उठलो. डबा उतरवून दोन कप चहा केला, बिनदुधाचा. ती ट्रेनच्या घाईत होती, तिला खुर्चीवर बसवलं आणि कप पुढे ठेवला.

"हा उकळायचा नसतो. चूक माझी होती. आजींना दुसरं काही दे, हा माझा आहे."

आणि ती काही बोलायच्या आत मी माझ्या कपात तोंड घातलं.