रिक्त पदाच्या सह्या

मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९६. सकाळचे नऊ वाजून सत्तावीस मिनिटं. राष्ट्रीय मापयंत्र तपासणी संस्थेच्या तळमजल्यावर, खोली क्रमांक चारमध्ये, अख्तरबानू शिकलगार पाण्याच्या टाकीवर वाकून उभ्या होत्या. टाकीतलं पाणी चाळीस अंशांवर स्थिर ठेवलेलं. त्यात बारा तापमापक उभे केलेले आणि मधोमध तेरावा, संस्थेचा स्वतःचा, ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं, एकेक आकडा वाचला आणि वहीत उतरवला. सातवा तापमापक दोन दशांश अंश पुढे होता. तो बाहेर काढून त्यांनी पुसला आणि लाल फडक्यावर ठेवला. लाल फडक्यावरचं यंत्र ज्याचं त्याला परत जातं.

त्या या संस्थेच्या उपसंचालक आहेत आणि ३१ ऑगस्टपासून प्रभारी संचालक. रेल्वे, दारूगोळ्याचे कारखाने, सरकारी रुग्णालयं यांची मापयंत्रं बरोबर मोजतात की नाही, यावर देशात जी शेवटची सही लागते ती त्यांची. एवढ्या हुद्द्याच्या माणसानं तळमजल्यावर उभं राहून तापमापक वाचायचे नसतात. पण तपासनिसांच्या दोन जागा दिल्लीनं तीन वर्षं भरलेल्या नाहीत, आणि तापाचे रोगी दिल्लीसाठी थांबत नाहीत.

दहाला पाच कमी असताना आस्थापना विभागाचे अधीक्षक श्यामसुंदर देवकुळे खाली आले. हातात दिल्लीच्या मंत्रालयाचं पत्र होतं.

"बाई, आधी बसा."

"पाणी गार होईल. वाचा."

देवकुळ्यांनी वाचलं. संचालकपदासाठीच्या निवड समितीची बैठक २७ सप्टेंबरला झाली. श्रीमती शिकलगार यांचे १९९३-९४ आणि १९९४-९५ या दोन वर्षांचे गोपनीय अहवाल नसल्यामुळे त्यांच्या नावाचा विचार करता आला नाही. सदर काळात संचालकाचं पद रिक्त होतं, त्यामुळे अहवाल लिहिणारा अधिकारीच नव्हता. मंत्रालयातले श्री. जयसिंग निंबाळकर सोमवारी, १४ तारखेला, पदभार घेतील.

सरकारी नोकरीत वरिष्ठ दरवर्षी कनिष्ठाबद्दल गोपनीय अहवाल लिहितो, आणि बढतीच्या वेळी मागच्या पाच वर्षांचे अहवाल पाहतात. अख्तरबानूंचे वरिष्ठ म्हणजे संचालक. संचालक १९९३च्या मार्चअखेर निवृत्त झाले आणि मंत्रालयाला दुसरा माणूस, यंदा ऑगस्टअखेर निवृत्त झाला तो, सापडायला सत्तावीस महिने लागले. ते सत्तावीस महिने संस्था अख्तरबानूंनी चालवली. वर कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही. कोणी लिहिलं नाही, म्हणून त्या संस्था चालवायला लायक आहेत का, याचा विचारही होऊ शकत नाही. हे वाक्य कोणा शहाण्या माणसानं लिहिलं, दुसऱ्यानं तपासलं आणि तिसऱ्यानं त्यावर सही केली.

"तुम्हीच लिहायचा होतात तुमचा अहवाल," देवकुळे म्हणाले. "वरिष्ठ शिकलगार, कनिष्ठ शिकलगार. शेरा: कामाला चोख, स्वभावाला तिखट."

"कुठलंही यंत्र स्वतःला तपासत नाही, श्यामराव. माझा अहवाल कोणी लिहायचा, हे मी दिल्लीला दोनदा विचारलंय. जावक क्रमांक काढा."

मग त्यांनी उरलेले पाच तापमापक वाचले. त्यातला एकही लाल फडक्यावर गेला नाही.

अख्तरबानूंचा जन्म १९३९ सालचा, पुण्याच्या भवानी पेठेतला. वडील जब्बार शिकलगार तराजू दुरुस्त करत. धान्याचे व्यापारी त्यांच्याकडे काटे आणत; काहींना काटा बरोबर करून हवा असे, काहींना हिशेबानं थोडा बिघडवून. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला जब्बारभाई चहा पाजून परत पाठवत. दुकान शेवटपर्यंत आठ फुटांचंच राहिलं. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि १९६१ साली या संस्थेत मुलाखतीला आली. समोर पाच पुरुष. त्यांतल्या एकानं विचारलं, वीस किलोचं वजन उचलता येईल का? मुलीनं कोपऱ्यातलं वजन उचललं आणि त्याच्या पुढ्यातल्या फायलीवर आणून ठेवलं. परत जागेवर ठेवायला शिपाई बोलवावा लागला.

त्या वेळी संस्थेत आणखी एकच बाई होत्या, कुसुम बेहेरे. १९७१ साली संचालकांची खुर्ची रिकामी झाली आणि सर्वांत ज्येष्ठ म्हणून कुसुमताईंना कार्यभार मिळाला. अकरा महिने त्यांनी तो सांभाळला. मग त्यांच्याहून सहा वर्षं कनिष्ठ असलेले गृहस्थ संचालक होऊन आले. कारण कागदावर नव्हतं. तोंडी असं सांगितलं गेलं की संचालकाला दौरे असतात, बाई एकटी कशी जाणार. त्या अकरा महिन्यांत कुसुमताईंनी एकोणीस दौरे केले होते, सगळे एकटीनं, बरोबर प्रमाण वजनांची पेटी घेऊन. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी अख्तरबानूंना गच्चीवर नेऊन सांगितलं, "तुलाही कार्यभार देतील. घे. पण तोंडी घेऊ नकोस. हुकूम माग, लेखी."

अख्तरबानूंनी १९९३ला लेखी हुकूम मागून घेतला. तो एका ओळीचा होता: संचालकपदाचं दैनंदिन काम पाहावं. संचालकांच्या खोलीची किल्ली भांडारात जमा झाली, कारण खोली संचालकांची होती. अख्तरबानू खोली क्रमांक चारमध्ये बसून देशाच्या मापयंत्रांवर सह्या करत राहिल्या. दिल्लीहून माणसं आली की विचारत, "साहेब कुठे भेटतील?" बाई म्हणत, "बसा. भेटलेच आहेत."

आणि अहवाल नसणं ही अडचण या संस्थेला नवी नाही. १९८८ साली गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे यांचे दोन वर्षांचे अहवाल असेच नव्हते. ते त्या काळात प्रशिक्षणासाठी परदेशी होते. तेव्हा मंत्रालयानं पुस्तकातून एक नियम शोधून काढला, त्याआधीच्या दोन वर्षांचे अहवाल धरले आणि त्यांना संचालक केलं. तो कागद दिल्लीला पाठवणाऱ्या अख्तरबानूच होत्या. आठ वर्षांत नियम बदललेला नाही. त्याच्या पुढचं नाव बदललं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दिल्लीला फोन लावला. पत्रावर सही होती अवर सचिव हेमा आगाशे यांची. या मूळच्या पुण्याच्याच.

"ताई, मला कल्पना होती तुमचा फोन येणार," हेमाबाई म्हणाल्या. "मी नुसती सही केली हो. मसुदा वरून आला."

"सहस्रबुद्ध्यांना जो नियम लावला तो मला का नाही?"

"ते प्रशिक्षणाला होते."

"आणि मी?"

"तुमच्या वेळी... तसं पाहिलं तर पद रिक्त होतं ना."

"रिक्त होतं."

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या."

"बरं. हे तुम्ही पत्रात लिहिलंय, सहीनिशी. ठेवते."

बाईंनी फोन ठेवला आणि पत्र फायलीत लावलं. 

बाई उठल्या आणि अभिलेख कक्षात गेल्या. तिथले शिपाई सर्जेराव काळभोर, राहणारे लोणीचे, डबा उघडत होते.

"सर्जेराव, एप्रिल त्र्याण्णव ते जून पंच्याण्णव. प्रमाणपत्रांच्या नोंदवह्या."

"समद्या?"

"समद्या."

"अकरा हायती बाई. कुणाची तक्रार आली का काय?"

"हो. सह्या करणारं माणूस तिथं नव्हतंच म्हणतायत."

सर्जेरावांनी डबा बंद केला. "मग मी दोन वर्षं वह्या कुणापुढं ठेवीत व्हतो?"

अकरा वह्या, दोन हजार तीनशे सोळा प्रमाणपत्रं. एकेक प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं; म्हणजे ती सगळी आजही लागू आहेत. रेल्वेचे वजनकाटे त्यांवर चालतात, कारखान्यांतले दाबमापक त्यांवर चालतात, रक्तपेढ्यांच्या शीतपेट्या त्यांवर चालतात. प्रत्येकाखाली एकच सही आणि हुद्दा: संचालक.

साडेतीनला बाईंनी मजकूर सांगितला आणि देवकुळ्यांनी तो स्वतः टाईप केला. आपल्या पत्रानुसार सदर काळात संचालकाचं पद रिक्त होतं. त्या काळात संचालक म्हणून सही झालेली २,३१६ प्रमाणपत्रं देशभर वापरात आहेत. पद रिक्त असल्यास ती रद्द समजावीत काय? तसं असल्यास सर्व यंत्रं परत मागवावी लागतील. सध्याचा कार्यभारही मला त्याच शब्दांतल्या हुकुमानं दिलेला आहे. सबब लेखी खुलासा येईपर्यंत मी एकाही प्रमाणपत्रावर सही करणार नाही.

देवकुळ्यांचे हात यंत्रावर थांबले. "बाई, निवृत्तीला तेरा महिने उरलेत. चौकशी लावतील. पेन्शन अडकवतील."

"मला माहीत आहे."

"निंबाळकर सोमवारी येऊन सह्या सुरू करतील. मग याचा उपयोग काय?"

"ते पुढच्या सह्या करतील. मागच्या दोन हजार तीनशे सोळा त्यांच्या नाहीत. त्यांचं काय ते दिल्लीनं सांगायचं. तिथं कोणी होतं, की नव्हतं. टाईप करा."

चार वाजून दहा मिनिटांनी पत्र फॅक्सनं गेलं. त्याची प्रत रेल्वेला, संरक्षण खात्याला आणि आरोग्य खात्याला. सव्वाचारला यंत्रं देण्याघेण्याच्या खिडकीवर सूचना लागली: पुढील खुलाशापर्यंत प्रमाणपत्रं मिळणार नाहीत. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी दिल्लीचा फोन आला. हेमाबाईंचा आवाज सकाळचा राहिला नव्हता.

"ताई, हे काय केलंत? रेल्वे बोर्डाकडून फोन आलेत. सचिव विचारतायत. आधी ती सूचना काढा."

"काढते. रिकाम्या खुर्चीची सही चालते, असं लिहून पाठवा."

"असं कोण लिहून देईल?"

"मग खुर्ची रिकामी नव्हती, असं लिहा. दोन्हीपैकी एक. मला कुठलंही चालेल."

"खुर्ची रिकामी नव्हती म्हटलं तर समितीचा निर्णय..."

"हो. तो परत पाहावा लागेल. सोमवारच्या आत."

 मग हेमाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी वर बोलते. पण ताई, ही माणसं हे विसरणार नाहीत."

"विसरू नयेत म्हणूनच लेखी दिलंय."

पावणेसहाला अख्तरबानूंनी नोंदवह्यांचं कपाट कुलूपबंद केलं, किल्ली सर्जेरावांकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि त्या बससाठी बाहेर पडल्या. तोवर खुलासा आलेला नव्हता.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची गाडी दर बुधवारी पावणेअकराला येते, तपासलेले दाबमापक आणि त्यांची प्रमाणपत्रं घेऊन जाते. उद्या बुधवार आहे. त्रेसष्ट दाबमापक खोक्यांत बंद करून खिडकीपाशी ठेवले आहेत. त्रेसष्ट प्रमाणपत्रं टाईप झालेली आहेत. सहीची जागा कोरी आहे.